भाजल्यावर पहिली २० मिनिटे

उतू जाणारे दूध सावरताना पातेल्याचा चटका बसणे, चहा गाळताना तो हातावर सांडणे, फुगलेल्या भाकरीच्या वाफेने बोटे पोळणे हे प्रकार स्वयंपाकघरात नित्य घडत असतात. अशा वेळी घरातील प्रत्येकाजवळ एकेक उपाय तयार असतो. कोणी हळद आणते, कोणी तूप, कोणी टूथपेस्ट. पाण्याचे नाव मात्र मागे पडते. भाजलेल्या जागी पाणी घातल्यास फोड येतात, या समजुतीने कित्येक घरांतून ते मुद्दाम टाळलेही जाते. वास्तविक साधे थंड पाणी हाच यावरील पहिला उपचार होय. फोड येतात ते उष्णतेने इजा झालेल्या त्वचेच्या थरांमध्ये द्रव साचल्यामुळे. पाण्याचा त्यात दोष नाही.

हात विस्तवापासून दूर झाला तरी त्वचेत शिरलेली उष्णता लगेच नाहीशी होत नाही. आतील थरांची हानी काही काळ चालूच राहते. म्हणून भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. दोन-तीन मिनिटांत आग कमी वाटू लागते आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. ही चूक टाळावी. तत्काळ पाणी मिळाले नाही, तरी ३ तासांपर्यंत या उपचाराचा उपयोग होतो.

जेथे नळाला दिवसाआड पाणी येते, तेथे २० मिनिटे धार सोडणे परवडणारे नाही. तेथे स्वच्छ पाण्याच्या बादलीत हात बुडवून ठेवावा व पाणी कोमट झाल्यास बदलावे, किंवा ओले फडके पुनःपुन्हा भिजवून ठेवावे. बर्फ मात्र लावू नये. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व त्वचेला नवी इजा होते. लहान मुलाचा भाजलेला भागच तेवढा थंड करावा, बाकीचे अंग पांघरुणात उबदार राखावे.

सूज चढण्यापूर्वी अंगठी व बांगड्या काढाव्यात. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. हळद किंवा पेस्टच्या लेपाखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही, आणि तो लेप खरवडून काढताना रुग्णाला दुप्पट यातना होतात. फोड फोडू नयेत. धुतलेल्या सुती कापडाने जागा सैल झाकावी.

रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी जखम, तसेच चेहरा, हात, पाय, सांधे वा जननेंद्रियावरील जखम घरी ठेवू नये. बधिर, पांढरी वा काळवंडलेली त्वचा खोल इजा दर्शविते. वेदना नाहीत म्हणून निश्चिंत राहणे येथे घातक ठरते. विजेने किंवा रसायनाने भाजल्यास, अथवा रुग्ण लहान मूल वा वृद्ध असल्यास, जखम किरकोळ दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताच्या लशीबाबतही त्याच वेळी विचारावे. गंभीर इजा झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात ही विनामूल्य सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. गाडीची वाट पाहत असतानाच पाण्याची २० मिनिटे पूर्ण करता येतात.