अरुंद वाटेवरची भंगार गाडी

प्रश्न : गणपतीपुळ्यात घरामागे जुनी मोटार पडून आहे. न्यायची तर गडगा पाडावा लागेल का?

उत्तर : गडग्याला हात लावू नका. गाडी जिथून आत आली तिथून बाहेरही निघते. अडतं ते चाकं फिरत नाहीत म्हणून. खाऱ्या हवेत ब्रेक गंजून ड्रमला चिकटतात आणि तशीच गाडी ओढली की जांभ्याचे चिरे निखळतात. म्हणून आधी चाकं मोकळी करून घ्या, टायरांत हवा भरा, स्टिअरिंगचं लॉक उघडा, आरसे दुमडा. ‘जागेवरच कापून नेतो,’ असं भंगारवाला म्हणेल. सोपं वाटतं खरं, पण सांडलेलं ऑइल विहिरीपर्यंत झिरपू शकतं आणि २०२१च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र देतं ते ठेव प्रमाणपत्र हातचं जातं. नव्या गाडीवरच्या करसवलतीसाठी तेच लागतं. ट्रक रस्त्यावरच थांबवून गाडी तिथवर ढकलत न्या, मात्र अंगारकीची गर्दी आणि पावसाळ्यातला चिखल टाळून.