पांढरा घोडा, पांढरा अजगर आणि शक्यतेचं गणित

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की तापीकाठी घोड्यांच्या रांगा लागतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, कुठून कुठून माल येतो. जाणकार माणूस दात बघतो, उंची मोजतो, चाल बघतो. पण गर्दी जमते ती रंगाभोवती. गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा, काळाभोर, अबलख, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी, यांच्यापुढे मोबाईल काढून लोक उभे असतात, आणि बोलीही त्यांच्यावरच चढते. आता गंमत बघा. घोडी विकत घेणारा तिच्या रंगाचे पैसे मोजतो, पण शिंगरू कोणत्या रंगाचं होईल हे त्याला त्या रंगावरून कळत नाही. शेजारी शेजारी बांधलेल्या दोन पांढऱ्या घोड्या एकाच घोड्याला दाखवल्या, तरी एकीला पांढरं आणि दुसरीला तांबडं शिंगरू होऊ शकतं. मालक म्हणतो नशीब. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आपण आधी सर्किट उघडून बघू.

प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. घोड्याच्या मूळ रंगासाठी दोन जीन पुरतात. पहिल्याचं नाव एमसी१आर. त्याची चालू प्रत म्हणजे १, बिघडलेली म्हणजे ०. निदान एक १ असेल तर केसांत काळं रंगद्रव्य तयार होतं. दोन्ही ० असतील तर काळं बनतच नाही आणि घोडा तांबडा होतो. दुसरा जीन अगाउटी. तो काळ्या रंगाला आयाळ, शेपूट आणि पायांपुरता मर्यादित ठेवतो. त्याचा एक जरी १ असला तर अंग तपकिरी आणि टोकं काळी, म्हणजे आपला कुमैत. दोन्ही ० असले तर अख्खा घोडा काळा.

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स झालेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पहिला जीन म्हणजे एनेबल पिन. ती बंद असली की दुसऱ्या इनपुटला काहीही द्या, आउटपुट तांबडंच. ट्रूथ टेबलमध्ये आपण तिथे 'डोन्ट केअर' लिहितो. म्हणूनच तांबडा गुणिले तांबडा बरोबर तांबडा, यात अपवाद जवळपास नाही. पण दोन कुमैतांचा हिशोब वेगळा. दोघांकडेही दोन्ही जीनची एकेक बिघडलेली प्रत असेल, तर सोळा घरांचा तक्ता मांडून बघा: ९ कुमैत, ३ काळे, ४ तांबडे. म्हणजे दोन तपकिरी घोड्यांना काळं शिंगरू झालं, तर त्यात घोडीच्या चारित्र्यावर शंका घेण्याचं काही कारण नाही.

यानंतर येतो क्रीम जीन. हा जरा वेगळा आहे, इथे डोस मोजावे लागतात. तांबड्या घोड्यावर क्रीमचा एक डोस पडला की अंग सोनेरी आणि आयाळ पांढरी होते, याला पालोमिनो म्हणतात. दोन डोस पडले की घोडा जवळजवळ पांढरा, कातडी गुलाबी, डोळे निळे. दोन पालोमिनोंची जोड लावली तर पाव शिंगरं तांबडी, अर्धी सोनेरी, पाव पांढरट. सोनेरी गुणिले सोनेरी करून फक्त सोनेरी कधीच मिळणार नाहीत! आणि निळ्या डोळ्यांचा पांढरट घोडा साध्या तांबड्या घोडीला दाखवला तर शंभर टक्के सोनेरी. मालकाला महागात पडणारा आणि फायद्याचा, असे दोन्ही रस्ते एकाच तक्त्यात आहेत.

म्हणजे 'पांढरा' हा एक रंग नाही, ते तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी गाठलेलं एकच गाव आहे. पहिला रस्ता क्रीमच्या दोन डोसचा. दुसरा ग्रे जीनचा: शिंगरू गडद रंगाचं जन्मतं आणि वर्षागणिक पांढरं होत जातं, पण कातडी काळीच राहते. तिसरा केआयटी नावाच्या जीनचा: जन्मापासून पांढरा, कातडी गुलाबी, डोळे सहसा काळे. या जीनचे पांढरा रंग देणारे तीसहून अधिक बदल आजवर सापडलेत. बाजारात ओठांभोवतीची कातडी आणि डोळा बघितला, तरी बराचसा उलगडा होतो. पण सगळा नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. जे दिसत नाही ते घोड्याच्या आत बसलेलं असतं.

न दिसणाऱ्या या मालाचा धंदा जगात कुणी अगदी उघडपणे केला असेल, तर तो सापवाल्यांनी. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन हा छोटा, लाजाळू, तपकिरी अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडू होतो, म्हणून हे नाव. १९९२ साली अमेरिकेत त्याची पिवळी-पांढरी अल्बिनो पिल्लं बंदिवासात जन्मली, आणि तेव्हापासून त्याच्या रंग-नक्षीचे शेकडो प्रकार पैदास झाले. या प्रकारांना मॉर्फ म्हणतात. अल्बिनोपणासाठी दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. अल्बिनो आणि साधा यांची सगळी पिल्लं दिसायला साधी, पण प्रत्येकाच्या पोटात एक बिघडलेली प्रत. अशा सापाला ते 'हेट' म्हणतात, आणि दिसायला अगदी साधा असलेला हेट साप साध्यापेक्षा महाग विकला जातो. सारंगखेड्यात कुणाला सांगून बघा, की हा घोडा दिसतो तांबडा पण आत काहीतरी आहे, म्हणून जास्त पैसे द्या!

आता दोन हेटची जोड लावली. पाव पिल्लं अल्बिनो, बाकीची पाऊण साधी दिसणारी. त्या साध्या तिनांपैकी दोघं हेट, एक खरोखर साधा. म्हणून त्यांची पाटी असते '६६ टक्के हेट'. ही पाटी म्हणजे एम-थ्रीच्या पेपरातली कंडिशनल प्रोबॅबिलिटी, फक्त फण्याविना. खात्री कशी करायची? अशी मादी अल्बिनो नराला दाखवायची. समजा अशा ४८ माद्या आहेत आणि प्रत्येकीने पाच अंडी दिली. त्यातल्या ३२ हेट, १६ साध्या. हेट मादीचं प्रत्येक पिल्लू साधं दिसण्याची शक्यता निम्मी, म्हणून पाचही साधी निघण्याची शक्यता ३२ मध्ये एक. म्हणजे ३२ हेटपैकी सरासरी एकीचीच सगळी पिल्लं साधी, आणि त्या १६ जणींची तर साधीच असणार. पाचही साधी पिल्लं देणाऱ्या १७ जणींत हेट उरली एक. ६६ टक्क्यांचा आकडा एका विणीत सहा टक्क्यांखाली आला. बेझ साहेबांचा प्रमेय ज्यांना व्हायवात आठवला नाही, त्यांनी अजगराकडून शिकायला हरकत नाही.

हेच घोडीवर करून बघा. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एक शिंगरू देते. पाच शिंगरांची परीक्षा म्हणजे निदान पाच वर्षं, चारा-दाण्याचा खर्च वेगळा. सापवाल्याची चूक एका हंगामात कळते, घोडेवाल्याचं अर्धं आयुष्य जातं. म्हणून डीएनए चाचणीची खरी गरज सापवाल्यापेक्षा घोडेवाल्याला जास्त आहे. चाचणीला रक्तही लागत नाही. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून पाकिटात घालायचे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत घोड्याच्या रंगाच्या जीनची अशी तपासणी होते.

हे नुसत्या रंगापुरतं असतं तर मी एवढं लांबण लावलं नसतं. गर्भात रंगपेशी कातडीत तयार होत नाहीत. त्या पाठीच्या कण्याजवळच्या पेशींच्या एका गटातून निघून अंगभर पसरतात, आणि त्याच गटातून आतड्याच्या मज्जापेशीही निघतात. त्यामुळे रंगाच्या जीनला हात लागला की कधी कधी भलतीकडेच परिणाम दिसतो. अमेरिकेतल्या पेंट घोड्यांत 'फ्रेम' नावाचा अबलख प्रकार आहे. त्याचा एक डोस असलेला घोडा देखणा आणि धडधाकट. दोन डोस आले की शिंगरू पूर्ण पांढरं जन्मतं, उठून उभं राहतं, दूध पितं, पण आतड्यात मज्जापेशीच नसतात. पोट फुगतं आणि दोन-तीन दिवसांत ते जातं. त्यामागचा जीनमधला बदल १९९८ साली सापडला. दोन फ्रेम घोड्यांच्या जोडीत ही शक्यता पाव, आणि फ्रेम गुणिले बिगर-फ्रेम जोडीत शून्य. एका चाचणीने अकरा महिने आणि एक जीव वाचतो. दुसरीकडे 'टोबियानो' नावाचा अबलख आहे, त्याचे दोन डोस आले तरी काही बिघडत नाही. आपण दोघांनाही अबलखच म्हणणार! केआयटीच्या काही बदलांतही दोन डोस आलेला गर्भ जगत नाही असं मानलं जातं. तिथे घोडी फिरली एवढंच मालकाला कळतं. ग्रे घोडेही पूर्ण सुटलेले नाहीत. उतारवयात त्यांच्यापैकी बहुतेकांना कातडीखाली काळ्या गाठी येतात, आणि त्याला कारण तोच जीन, हे २००८ मध्ये सिद्ध झालं.

सापांत याचं ठळक उदाहरण 'स्पायडर' मॉर्फ. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी, म्हणून भरपूर मागणी. पण हे अजगर डोकं डगमगवतात, कधी उलटं करतात, भक्ष्यावरचा नेम चुकतो. २०२२ च्या एका अभ्यासात त्यांच्या अंतर्कर्णाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाची, रचनाच बिघडलेली दिसली. काही ब्रीडर म्हणतात, खातो-पितो ना, मग झालं. मला हे पटत नाही. ज्याला आपलं डोकं सरळ धरता येत नाही, त्याची नक्षी बघून टाळ्या वाजवणं म्हणजे वेगळीच जत्रा झाली.

हे वाचून कुणी सातपुड्यातल्या धामणीवर प्रयोग करायच्या विचारात असेल तर थांबा. आपल्याकडचे साप पकडणं, पाळणं, विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो पांढरा नाग असो की साधा दिवड. बॉल पायथन परदेशी असला तरी मोकळा नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद सरकारकडे करावी लागते.

आणि पंचकल्याणीचं काय, असं कुणी विचारेलच. तो या तक्त्यात नीट बसत नाही. पायांवर पांढरं किती चढेल हे अनेक जीन मिळून ठरवतात, आणि रंगपेशी गर्भात कुठवर पोचल्या याचाही त्यात भाग असतो. क्लोन केलेल्या घोड्यांचेसुद्धा पांढरे पट्टे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. तेव्हा पंचकल्याणी हमखास देतो असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडे हसून बघावं आणि पुढच्या दावणीकडे जावं.

जाता जाता एक उदाहरण वहीत करून बघा. कुमैत घोडीला तांबड्या घोड्यापासून पहिलं शिंगरू तांबडं झालं. क्रीमचा तिच्यात मागमूस नाही. आता तिला दोन डोसचा क्रीम घोडा दाखवायचा आहे, जो मुळात तांबडा आहे. सोनेरी शिंगरू होण्याची शक्यता किती? पहिल्या शिंगराने घोडीच्या एनेबल पिनबद्दल काय सांगितलं ते आधी लिहा, बाकीचं दोन ओळींत सुटतं. उत्तर अर्धं आलं पाहिजे.