शिंपल्यांच्या दगडाचा किल्ला : कास्तियो दे सान मार्कोस

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेत राहायला आलेल्या आईवडिलांची फ्लोरिडाची सहल बहुधा ठरलेली असते. ऑरलँडो, डिस्ने, केप कॅनव्हरलचं अवकाश केंद्र आणि जमलं तर मायामी. या सहलीत एक दिवस वाढवावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ऑरलँडोहून गाडीने साधारण दोन तासांवर आणि जॅक्सनव्हिलहून तासाभरावर, अटलांटिकच्या काठी सेंट ऑगस्टीन नावाचं गाव आहे. १५६५ मध्ये पेद्रो मेनेंदेस दे आविलेस या स्पॅनिश सरदाराने ते वसवलं आणि तेव्हापासून ते कधी ओस पडलेलं नाही. या गावाच्या राखणीसाठी खाडीच्या तोंडाशी बांधलेला कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला आजही उभा आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, वसई पाहिलेल्या माणसाला तो पाहताना वेगळीच गंमत येते, कारण इथल्या अर्ध्याअधिक गोष्टी त्याला आधीच ठाऊक असतात.

काळाचा मेळ आधी लक्षात घ्या. मालवणला सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ ची. इकडे १६६८ मध्ये रॉबर्ट सर्ल्स या इंग्रज चाच्याने सेंट ऑगस्टीन लुटलं आणि दोनच वर्षांत, १६७० मध्ये, इंग्रजांनी उत्तरेला चार्ल्सटनची वसाहत थाटली. त्याआधी स्पॅनिशांनी इथे एकामागून एक नऊ लाकडी गढ्या उभारल्या होत्या. काही कुजल्या, काही जळाल्या. आता दगडी किल्ल्यावाचून निभाव लागणार नव्हता. क्यूबाहून इग्नासियो दासा हा अभियंता आला, हवानाहून गवंडी आले आणि १६७२ च्या ऑक्टोबरात पाया खणायला सुरुवात झाली. मुख्य बांधकाम संपायला १६९५ उजाडलं. राबणाऱ्यांत तिमुकुआ, ग्वाले, अपालाची या स्थानिक जमातींचे लोक होते, कैदी होते, आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. त्यांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत, पण तटाकडे पाहताना त्यांची आठवण ठेवावी.

तिकीट काढून लगेच आत शिरू नका. आधी खंदकाच्या बाहेरून, समुद्राकडच्या भिंतीच्या कडेने, किल्ल्याला सावकाश फेरी मारा. अर्धा तास द्या. या किल्ल्याची खरी गोष्ट त्याच्या दगडात आहे आणि तो दगड बाहेरून, उन्हात, जवळून पाहावा लागतो. सकाळी सूर्य खाडीच्या बाजूने वर येतो, तेव्हा पूर्वेच्या तटावर उजेड पडतो आणि दगडाचा पोत लख्ख दिसतो. छायाचित्रांसाठीही हीच वेळ चांगली.

या दगडाला कोकीना म्हणतात. हजारो वर्षं किनाऱ्यावर साचलेल्या इवल्या शिंपल्यांचे थर एकमेकांना चिकटून तो बनला आहे. जवळून पाहिलं तर राजगिऱ्याच्या वडीसारखा दाणा न् दाणा वेगळा दिसतो. समोरच्या अनास्तासिया बेटावर त्याच्या खाणी होत्या. तिथून चिरे काढायचे, बैलगाडीने धक्क्यावर आणायचे आणि तराफ्यांवरून खाडी ओलांडून गावात न्यायचे. खाणीतून निघताना कोकीना ओला आणि मऊ असतो, सहज कापता येतो. हवेवर वाळला की तो घट्ट होतो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चिरेखाणीतला जांभाही खणताना मऊ असतो आणि वारा लागला की कडक होत जातो. दोन्ही दगड घडणीने अगदी निराळे, एक लोहयुक्त मातीचा, दुसरा शिंपल्यांचा, पण गवंड्याला दोघांची सवय सारखीच लावून घ्यावी लागते. चुनाही इथे कालवांचे शिंपले भाजूनच केलेला आहे.

मात्र जांभ्यापेक्षा कोकीना फार सच्छिद्र असतो आणि लढाईत तोच त्याचा गुण ठरला. काळ्या कातळाच्या किंवा विटांच्या तटावर तोफगोळा आदळला की तडे जातात, कपच्या उडतात आणि त्याच जागी मारा चालू राहिला की खिंडार पडतं. कोकीनाची भिंत गोळा लागला की तेवढ्यापुरती चेपते, गोळा तिच्यात रुततो आणि धक्का पुढे पसरतच नाही. बांधणाऱ्यांना हे आधी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आसपास दुसरा दगडच मिळत नव्हता, म्हणून त्यांनी तो वापरला. समुद्राकडच्या तटावर जुन्या माऱ्याचे खळगे अजून दिसतात, ते शोधा. पण हात लावू नका आणि मुलांना तटावर चढू देऊ नका. हा दगड बोटांनीसुद्धा झिजतो. लाखो पर्यटकांपैकी प्रत्येकाने एकदाच हात फिरवला तरी काय होईल, याचा विचार करा. आपल्याकडच्या गडांवर नावं कोरलेली पाहून ज्यांचा जीव तुटतो, त्यांना ही काळजी लगेच कळेल.

बाहेरच्या फेरीत आणखी दोन गोष्टी पाहा. किल्ला चौकोनी आहे आणि चारही कोपऱ्यांना बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले बुरूज आहेत : सान पेद्रो, सान अगुस्तीन, सान कार्लोस, सान पाब्लो. गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक जागा अशी राहते, की तिथे पोहोचलेला शत्रू वरच्या माऱ्यातून सुटतो. कोनाकृती बुरुजात ती जागाच उरत नाही, कारण एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाचं पूर्ण अंग दिसतं. वसईचा किल्ला फिरलेल्यांनी पोर्तुगीजांचे असेच टोकदार बुरूज पाहिले आहेत. दुसरी गोष्ट खंदकाची. तो कोरडा दिसतो म्हणून निराश होऊ नका, तो बहुतेक वेळ कोरडाच ठेवला जाई. वेढ्याच्या दिवसांत गावातली गुरं त्यातच ठेवत. पूर्वी तटाला पांढरा गिलावा होता आणि पहारेकऱ्यांच्या घुमट्या लाल रंगवलेल्या होत्या. दर्यावरून येणाऱ्या गलबतांना तो पांढरा-लाल किल्ला दुरूनच दिसत असणार.

आत जायचा रस्ता सरळ नाही. दरवाजासमोर एक त्रिकोणी आडोसा बांधून वाट वळवली आहे. आपल्या गडांवर गोमुखी बांधणीने जे साधलं, ते इथे या आडोशाने साधलं आहे. उचलत्या पुलावरून देवड्यांत आणि तिथून मधल्या चौकात आपण पोहोचतो. चौकाभोवती कमानी छपरांच्या खोल्या आहेत. मूळच्या खोल्यांना लाकडी छपरं होती. १७३८ पासून ती काढून जाड दगडी कमानी घातल्या गेल्या, म्हणजे वरून पडणारे बाँबगोळे झेलता येतील आणि कमानींच्या डोक्यावर जड तोफाही ठेवता येतील. चौकातली विहीर पाहायला विसरू नका.

१७०२ मध्ये त्या विहिरीनेच लोकांना जगवलं. कॅरोलायनाचा गव्हर्नर जेम्स मूर फौज घेऊन चालून आला, तेव्हा गावातले सगळे लोक किल्ल्यात आले. शिबंदी धरून जवळपास दीड हजार माणसं या चौकात आणि खोल्यांत सुमारे ५० दिवस राहिली. चौकाच्या मधोमध उभं राहून ते डोळ्यांपुढे आणून पाहा, मुलंबाळं आणि म्हातारी माणसं धरून. मूरच्या तोफांनी तट फुटला नाही. हवानाहून मदतीची जहाजं दिसताच त्याने गाव जाळलं आणि तो परत गेला. १७४० मध्ये जॉर्जियाचा जेम्स ओगलथॉर्प आला. त्याने अनास्तासिया बेटावर मोर्चे लावून २७ दिवस गोळे टाकले, त्याचाही उपयोग झाला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती. तिथे मराठ्यांनी तटाखाली सुरुंग लावून वाट पाडली. इथे वेढा घालणाऱ्यांना तटाजवळ येताच आलं नाही, कारण खंदकापलीकडचं मैदान मुद्दाम उघडं ठेवलेलं होतं. बाहेरच्या हिरवळीवर आज लोक चटया टाकून बसतात, ती जागा या मोकळ्या मैदानातलीच.

हा किल्ला लढाईत कधीच पडला नाही. त्याची मालकी बदलली ती कागदावर. १७६३ मध्ये तहाने तो इंग्रजांकडे गेला, १७८३ च्या तहाने स्पेनकडे परत आला आणि १८२१ मध्ये अमेरिकेला मिळाला. अमेरिकेच्या यादवीच्या तोंडावर, १८६१ मध्ये, दक्षिणेकडच्या सैनिकांनी तो ताब्यात घेतला, तेव्हा आत एकच सार्जंट राखणीला होता. त्याने ताब्याची लेखी पावती मागितली, ती मिळाल्यावर किल्ल्या दिल्या.

तोफांचं प्रात्यक्षिक बघायला लोक गर्दी करतात. बहुधा शुक्रवार ते रविवार, जुन्या स्पॅनिश पोशाखातले स्वयंसेवक तोफ डागून दाखवतात. तोफ भरण्याचे आणि डागण्याचे हुकूम स्पॅनिशमध्येच सुटतात. ते जरूर पाहा, मुलांना फार आवडतं. पण त्यानंतर कैद्यांच्या खोल्यांत थोडा वेळ काढा, कारण तिथे गर्दी पातळ होते आणि तिथलंच सगळ्यात मन हलवणारं आहे. अमेरिकनांनी किल्ल्याला फोर्ट मॅरियन नाव दिलं आणि त्याचा तुरुंग केला. सेमिनोल जमातीचा नेता ओसिओला १८३७ मध्ये पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आला असताना पकडला गेला आणि इथे डांबला गेला. त्याच वर्षी कोआकूची हा दुसरा सेमिनोल नेता आणि त्याचे साथीदार इथूनच निसटले. १८७५ ते १८७८ दरम्यान शायान, कायोवा, कोमांची अशा मैदानी जमातींचे सत्तरावर लोक हजारो मैलांवरून आणून इथे ठेवले होते. त्यांतल्या तरुणांनी हिशेबाच्या वह्यांच्या पानांवर चित्रं काढली : शिकारी, घोडे, आपली माणसं, आणि कैदेकडे आणणारी आगगाडीही. त्या चित्रांची आज मोठ्या संग्रहालयांत जपणूक होते.

आता तयारीचं. फाटक बहुधा सकाळी ९ ला उघडतं. तिथे ९ च्या आधीच पोहोचा. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. वरच्या तोफांच्या फलाटावर सावली अजिबात नाही, म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. खाणं बाहेरच उरकून घ्या. फलाटावर फक्त जिन्याने जाता येतं, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर खालच्या खोल्या आणि चौक निवांत पाहून आजीआजोबांना बाहेरच्या हिरवळीवर सावलीत बसता येईल. त्यात त्यांचं फारसं काही हुकत नाही. तिकीट माणशी असतं, ते सात दिवस चालतं आणि १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तोही इथे चालतो. निघण्यापूर्वी दर आणि वेळा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. ड्रोन नेऊ नका, राष्ट्रीय उद्यानांत त्यावर बंदी आहे. किल्ल्याशेजारचं वाहनतळ लहान आहे आणि सकाळीच भरतं. गाडी पर्यटक केंद्रालगतच्या बहुमजली वाहनतळात लावून पाच-सात मिनिटं चालत येणं सोयीचं.

ऋतू निवडताना नोव्हेंबर ते एप्रिल धरा. जून ते सप्टेंबर उकाडा आपल्या किनाऱ्यासारखाच असतो. दुपारी विजांसह पाऊस येतो आणि वीज कडाडू लागली की वरचा फलाट बंद करतात. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो. २०१६ च्या मॅथ्यू वादळात जुन्या गावात पाणी शिरलं होतं. डिसेंबरात गावभर दिव्यांची आरास असते. ती सुंदर दिसते, पण संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही.

किल्ल्यानंतर रस्ता ओलांडला की जुनी वेस लागते. तिचे कोकीनाचे दोन खांब १८०८ चे. तिथून गावात चालत फिरा. जेवायला मिनोर्काची वंशपरंपरा असलेलं खाणं शोधा. भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटाचे मजूर १७७७ मध्ये इथे येऊन वसले. त्यांच्या स्वयंपाकात इथली दातील नावाची मिरची असते. तिखट खाणाऱ्या मराठी जिभेला ती नक्की आवडेल. तिचा ठेचा नाही, पण बाटलीबंद सॉस सगळीकडे मिळतो. शाकाहाऱ्यांनी सूप मागवण्याआधी विचारून घ्यावं, बहुतेकांत शिंपले असतात.

दुपारी सिंहांचा पूल ओलांडून अनास्तासिया बेटावर जा. तिथल्या राज्य उद्यानाच्या तोंडाशीच जुन्या कोकीना खाणीचे खड्डे दिसतात. किल्ला बघून मग खाण बघितली की दगडाचा प्रवास पुरा होतो. जवळच्या १८७४ च्या दीपस्तंभाला २१९ पायऱ्या आहेत. गड चढणाऱ्यांना ते काहीच नाही. माथ्यावरून खाडी, किल्ला आणि ओगलथॉर्पच्या मोर्च्यांचा किनारा एका नजरेत येतो.

किल्ल्याच्या उत्तरेला दोन मैलांवर फोर्ट मोस आहे, ते सोडू नका. इंग्रजी वसाहतींतून पळून आलेल्या गुलामांना स्पॅनिशांनी कॅथलिक धर्म स्वीकारण्याच्या आणि लष्करी सेवेच्या अटीवर मुक्त केलं आणि १७३८ मध्ये त्यांचं गाव इथे वसवलं. फ्रान्सिस्को मेनेंदेस हा त्यांच्या पलटणीचा कप्तान. ओगलथॉर्पने मोस घेतलं, तेव्हा १७४० च्या जूनमध्ये ते परत जिंकण्याच्या लढाईत हे लोक होते. पर्यटक इथे कमी येतात.

दुसरा दिवस हाती असेल तर दक्षिणेला साधारण १४ मैलांवर फोर्ट मातान्सास गाठा. १७४० च्या वेढ्यात किल्ल्याला रसद पोहोचली ती याच दक्षिणेच्या खाडीमुखातून. ते तोंड पुढे कुणी अडवू नये म्हणून १७४० ते १७४२ मध्ये हा टेहळणीचा छोटा बुरूज बांधला. तिथे होडीने जावं लागतं आणि होडी मोफत आहे. जागा मोजक्या आणि आधी येणाऱ्याला आधी. म्हणून गाडी लावल्याबरोबर आधी होडीची वेळ लावून घ्या, मग उरलेल्या वेळात झाडीतली लाकडी पायवाट फिरा. वादळानंतर किंवा धक्क्याच्या दुरुस्तीमुळे होडी बंद असते, तेव्हा निघण्याच्या सकाळी चौकशी करा. डासांचा मलम आदल्या रात्रीच पिशवीत टाकून ठेवा.