जुन्या जोडीशी नवा अ‍ॅडॅप्टर जुळत नाही

प्रश्न : वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही, म्हणून विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टर लावले. जुनी जोडी चालते, पण दुसऱ्या कंपनीचा नवा अ‍ॅडॅप्टर तिच्याशी जुळत नाही. काय करावे?

उत्तर : कंपनी बाजूला ठेवा, खोक्यावरचे मानक वाचा. होमप्लग एव्ही आणि एव्ही२ यांचे आपसांत जमते, कंपन्या वेगळ्या असल्या तरी. जी.एचएन हे वेगळे मानक मात्र त्यांच्याशी जुळतच नाही. उलट त्याच तारांवर साधारण त्याच फ्रीक्वेन्सी वापरून ते दोघांचाही वेग मारते. तुमचा नवा अ‍ॅडॅप्टर तसा असेल तर खटपट न करता परत करा.

मानक जुळत असेल, तर नवा राउटरशेजारच्या सॉकेटमध्ये लावून रिसेट करा. मग जुन्याचे पेअर बटण दाबा आणि २ मिनिटांच्या आत नव्याचे. बटण किती सेकंद धरायचे ते माहितीपत्रकात बघाच, कारण काही मॉडेलमध्ये जास्त वेळ धरल्यास चालू जोडीच तुटते.

खाली जुळून वर तुटत असेल, तर दोष वायरिंगकडे शोधा. स्पाइक गार्ड सिग्नल गाळतो. अ‍ॅडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच हवा. घरात थ्री फेज असेल, तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत का, हे वायरमनकडून तपासून घ्या. डीबी (विजेची वितरण पेटी) स्वतः उघडू नका.