भाजलेला मणी खोटा असतो का?

प्रश्न : मुलीने बोस्टनहून हाताने गाठवलेली माळ पाठवली आहे. तिकडच्या पानगळीचे रंग म्हणे : केशरी, विटकरी, मधाळ पिवळा. मणी कार्नेलियनचे आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, ‘हे दगड भाजून लाल करतात, म्हणजे नकलीच.’ खरंच का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : काकूंची माहिती बरोबर, निष्कर्ष चूक.

कार्नेलियन म्हणजे तांबडा अकीक, गारगोटीच्याच कुळातला. त्यात लोहाचा अंश असतो. पुष्कळदा दगड जमिनीतून निघतो तो पिवळट-तपकिरी, कारण त्यातलं लोह पाण्याशी बांधलेलं असतं. उष्णतेने ते पाणी उडतं आणि हेमॅटाइट तयार होतं. गेरूची लाली त्याचीच. म्हणजे बाहेरचं काहीच घातलं नाही. आत होतं तेच तापून लाल झालं. (आपल्याकडे असा रंग पाहायचा तर पानगळीत नव्हे, वसंतात कुसुंबाच्या कोवळ्या पालवीवर!)

गुजरातेत खंभातचे कारागीर हे काम पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. त्यांचा दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरचा. आपला सह्याद्री ज्या काळ्या बेसॉल्टचा, त्याच दगडाच्या पोकळ्यांत तो मुळात जन्मला. आधी तो उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. घाई केली की तडकतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवायचा आणि शिंगाच्या हातोडीने टिचत टिचत आकार द्यायचा. भोक पाडायला हिऱ्याची कणी बसवलेला सामता, कारण पोलाद या दगडापुढे टिकत नाही. सिंधू संस्कृतीतल्या लोकांकडे हिरा नव्हता. एका खास कठीण दगडाच्या सामत्याने ते बोटापेक्षा लांब मण्यांना आरपार भोक पाडत. त्यांचे मणी इराकमधल्या उरच्या राजथडग्यांत, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, सापडले आहेत. तेही भाजलेलेच! त्यांना नकली म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

या कामाची धूळ मात्र जीवघेणी. घासताना उडणारा सिलिका फुप्फुसात बसतो आणि सिलिकोसिस होतो. खंभातमध्ये अनेक कारागीर त्याने गेले आहेत. मणी स्वस्त मिळाला तर मला आनंदाआधी हेच आठवतं.

तुमचे मणी खंभातचेच असतील असं नाही. ब्राझीलचा अकीकही बाजारात भरपूर आहे. शंका घ्यायची तर भाजण्याची नव्हे, रंगवण्याची घ्या. करडा अकीक रसायनात भिजवून लाल करतात आणि कार्नेलियन म्हणून विकतात. मणी उजेडासमोर धरा. रंग ढगासारखा पसरलेला असेल तर चांगलं लक्षण. सरळ पट्टे दिसले, किंवा बारीक चिरांत गडद रंग साचलेला असला, तर रंगवलेला असण्याचा संभव जास्त.

दोन मण्यांमध्ये गाठ आहे ना, तेही बघा. गाठ असली की मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळे सांडत नाहीत. दोरा मळला, सैल झाला की पटवेकऱ्याकडून माळ पुन्हा गाठवून घ्या.