चाकणला घर घेताय? आधी पाण्याचं हमीपत्र मागा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात घर घेऊन मनस्ताप झाला म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "आधी चौकशी नव्हती का केली?" केली होती. महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिला होता, सात-बारा आणि फेरफार वकिलांना दाखवले होते, बँकेच्या वकिलांनीही फाइल तपासली होती. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, कागद वाचता येतो मला. जो कागद वाचायला हवा होता तो आमच्यासमोर ठेवलाच गेला नाही.

आधी गुरुवारचं सांगते. मुलगा इथे एका कंपनीत लागला, त्याची सुट्टी गुरुवारची. पिंपरी, भोसरी, चाकण या भागात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीच असते. त्यामुळे साइट पाहायला गेलो ते गुरुवारी, बुकिंगलाही गुरुवारीच. कुंपणापलीकडे पत्र्याच्या मोठ्या शेड होत्या. मी विचारलं. सेल्सचा मुलगा म्हणाला, "काकू, गोडाऊन आहेत ती. इथं एकदम शांत असतं." आमची सुट्टी कधी असते, हे त्याने पहिल्याच फोनवर विचारून घेतलं होतं. शेडमध्ये काय चालतं हे त्याला ठाऊक नव्हतं, यावर माझा आजही विश्वास नाही.

ते फोर्जिंगचं युनिट निघालं. वास्तुशांतीचे पाहुणे गेले, आम्ही अंथरुणं घातली आणि हॅमर सुरू झाला. एकेका ठोक्याला मांडणीतली ताटं वाजत होती. आमच्या ह्यांना रक्तदाबाचा त्रास, ते रात्रभर खुर्चीत बसून राहिले. सकाळी त्याच मुलाला फोन केला, तर म्हणाला, "मॅडम, एमआयडीसी जवळ आहे हे तुम्हाला माहीतच होतं ना?" खरेदीखतावर सह्या होईपर्यंत मी काकू होते.

पण आवाजापेक्षा पाण्याने जास्त रडवलं. माहितीपत्रकात "चोवीस तास पाणी" असं ठळक छापलं होतं. मार्च लागला आणि बोअर आटली. मग टँकर. मेंटेनन्सपेक्षा टँकरची वर्गणी मोठी झाली. आम्ही काही जण बिल्डरच्या ऑफिसात गेलो. आत बसलेल्या साहेबांनी मोबाइलवरून नजरही न उचलता करारनाम्याचं पान पुढे सरकवलं: पाणीपुरवठा स्थानिक संस्थेच्या उपलब्धतेनुसार. "ग्रामपंचायतीकडे जा," म्हणाले. ग्रामपंचायतीत गेलो, तर ग्रामसेवकांनी हिशेब मांडला. गावची नळयोजना माणशी रोज ५५ लिटर धरून, गावच्या लोकसंख्येसाठी आखलेली. त्यात आमच्यासारख्या टोलेजंग सोसायट्या बसणार कशा? त्या माणसाचं बोलणं खरं होतं. निदान त्याने खुर्ची तरी दिली.

मग आमच्या मजल्यावरच्या एका ताईंनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि पीएमआरडीएकडे आमच्या प्रकल्पाच्या बांधकाम परवानगीची पूर्ण फाइल मागितली. नकाशे आले, ना-हरकत दाखले आले आणि त्यांच्यामध्ये स्टॅम्पपेपरवरचं एक हमीपत्र आलं. स्थानिक संस्थेचं पाणी मिळेपर्यंत रहिवाशांना पुरेसं पाणी मी स्वखर्चाने पुरवीन, असं बिल्डरने लिहून दिलेलं. खाली सही त्याच साहेबांची, ज्यांनी आम्हाला ग्रामपंचायतीचा रस्ता दाखवला होता. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. इतके महिने आम्ही टँकरसाठी भरलेला एकेक रुपया त्यांच्या खिशातून जायला हवा होता. त्यांना ते माहीत होतं, आणि तरी समोर बसून त्यांनी आम्हालाच करार वाचायला लावला.

आता जे घर पाहताय त्यांच्यासाठी.

टोकन देण्याआधी पाण्याबद्दलच्या हमीपत्राची प्रत लेखी मागा आणि त्यातली अट करारनाम्यात जशीच्या तशी घालून घ्या. द्यायला टाळाटाळ केली तर उठून या. बांधकाम परवानगीत पाण्याबाबत काय अटी आहेत, तेही वाचा.

झोन दाखला फक्त तुमच्या गट नंबरचा काढू नका, शेजारच्या गटांचाही काढा. आज मोकळं दिसणारं शेत औद्योगिक झोनमध्ये असेल, तर उद्या तिथे शेड उभी राहणार हे धरून चला. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती ओलांडली जात असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. फोनवरच्या तक्रारीला कोणी विचारत नाही.

जागा गुरुवारी पाहू नका. एखाद्या मंगळवारी-बुधवारी रात्री अकरानंतर तिथे जाऊन उभे राहा. शिफ्ट सुटताना तळेगाव चौकातून एकदा गाडी काढून बघा, म्हणजे "स्टेशनपासून अर्धा तास" या वाक्याची किंमत कळेल. पलीकडे काय चालतं हे बिल्डरच्या माणसाला विचारूच नका, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला विचारा.

बोअरच्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत द्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात. आमच्याकडे गिझरची कॉइल वर्षभरसुद्धा टिकत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ताबा घेऊ नका. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याची रेरा कायद्याने बिल्डरला मनाई आहे, मागितली तर देऊ नका. माहितीपत्रक, जाहिराती, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, सगळं जपून ठेवा. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर त्याच कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. सोयीसुविधांतल्या त्रुटींबद्दल ताब्यापासून पाच वर्षं बिल्डर जबाबदार राहतो, हेही कोणी आपणहून सांगत नाही. आणि घाई करू नका. "दोनच फ्लॅट उरलेत" हे आम्हालाही सांगितलं होतं; ते दोन फ्लॅट अजून रिकामे आहेत.

आम्ही महारेराकडे तक्रार केली आहे. फी पाच हजार रुपये, ती सगळ्यांनी मिळून भरली. सुनावणी व्हायची आहे. टँकर रोज येतोच आहे, पण त्याची एकूण एक पावती आता आम्ही फाइलला लावतो. काही शेजारी म्हणतात, मोठ्या माणसाशी वैर कशाला? लेखी दिलेला शब्द पाळा म्हणणं याला मी वैर मानत नाही. या पट्ट्यात घर घेतलं असेल आणि टँकरचे पैसे खिशातून भरत असाल, तर आजच माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. तुमच्या बिल्डरनेही असंच काही लिहून दिलेलं असण्याची दाट शक्यता आहे.