पालखीसोबत एकच दिवस चालणार असाल तर

शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते ती मे अखेरीस किंवा जूनमध्ये. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखीही पायीच जाते. महिनाभराची वारी सगळ्यांना जमत नाही, म्हणून नागझरी, पारस, गायगाव, अकोला या पट्ट्यात एखादा दिवस सोबत चालणारे पुष्कळ. मला खरी काळजी वाटते ती यांचीच. रोज चालणाऱ्याचं शरीर आठ-पंधरा दिवसांत उन्हाला सरावतं. घाम लवकर सुटतो आणि घामातून मीठ कमी जातं. एका दिवसाचा वारकरी मात्र कूलरसमोरून उठून थेट तापल्या डांबरावर येतो.

म्हणून तयारी दोन आठवडे आधी सुरू करा. सकाळी आठच्या सुमारास, थोडं ऊन अंगावर घेत अर्धा तास चाला आणि हळूहळू तो तासावर न्या. जोडे त्याच दिवसांत पायात मुरवून घ्या. वारीच्या दिवशी नवे जोडे नकोत.

चालताना तहानेची वाट पाहू नका, पण नुसतं पाणीच ढोसत राहू नका. घामावाटे मीठही जातं आणि ते भरून निघालं नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवा. ते नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेलं ताक, पन्हंही चांगलं. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. ओला दुपट्टा आणि झाडाची सावली अडवते.

सोबतचा माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. चालणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. १०८ला फोन करा. तोवर त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर काखेत आणि मानेला लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून पाणी देऊ नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

गोळ्यांचं आणखी एक. पाय दुखतात म्हणून वाटेत कोणी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिली, तर घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, इन्सुलिन घेत असाल, तर त्या दिवसाच्या डोसबद्दल आधीच आपल्या डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका. खिशात साखर ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर आधी ती तोंडात टाका.

आणि मधुमेही मंडळी, श्रद्धा कितीही असो, अनवाणी चालू नका, ही माझी हात जोडून विनंती. तळव्यांची जाणीव कमी झालेली असते, डांबराने कातडी भाजली तरी कळत नाही. मुक्कामाला पोहोचल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्याही कोरड्या करा आणि तळवा आरशात किंवा घरच्या कोणाकडून बघून घ्या. फोड दिसला तर फोडू नका, स्वच्छ पट्टी बांधा आणि दुखत नसला तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.